आवळे मास्तरांची तारीख

"रंगराव ज्ञानू आवळेऽऽ, हजर हाय का?"

सुतार शिपायांनी कोर्टाच्या दारातून पहिला पुकारा केला, तेव्हा मी गळ्यातलं स्टॉपवॉच दाबलं आणि व्हरांड्यातल्या बाकाकडे पाहिलं. आत्ता आत्तापर्यंत आवळे मास्तर तिथे बसले होते. टोपी गुडघ्यावर, कापडी पिशवी पायाशी. पिशवी जागेवर होती. मास्तर नव्हते.

सुतारांनी दुसरा पुकारा केला, मग पायऱ्यांवर येऊन तिसरा. आतून टाइपरायटरचा खडखडाट ऐकू आला आणि न्यायाधीशांचा कंटाळलेला आवाज. फिर्यादी गैरहजर, पुढची तारीख. आरोपी चंदर वायदंडे पिंजऱ्यातून नमस्कार करून बाहेर आला, त्याने फिर्यादीची पिशवी खांद्याला अडकवली आणि इमारतीला वळसा घालून मागच्या बाजूला निघाला. रोजचंच काम असल्यासारखा.

मीही त्याच्या मागे गेले. कोर्टाच्या मागे एक जुनं कडुनिंबाचं झाड होतं. त्याच्या बुंध्याला टेकून आवळे मास्तर ऊस खात होते. वरच्या ओळीत पुढचा एकच दात उरला होता, त्याच्या शेजारी खिंडार. तेवढ्या एका दाताने ते उसाची सालं काढत होते.

"मास्तर, तुमचं नाव पुकारलं आत्ता," मी म्हणाले.

"व्हय? मला न्हाय आलं ऐकू."

"सुतारांचा आवाज नदीपलीकडे जातो."

"वारं उलटं हुतं, ताई," मास्तर म्हणाले आणि उसाचं एक कांडं त्यांनी माझ्यापुढे धरलं. "घ्या. लई गोड हाय."

चंदरने पिशवी त्यांच्याशेजारी ठेवली. "मास्तर, कोयत्यानं सोलून देतो म्हनलं हुतं न्हवं मी? दात जाईल त्यो एवढा."

"जाऊ दे गेला तर. तुझा हाय का?"

यावर आम्ही तिघंही हसलो. फिर्यादी, आरोपी आणि मी.

मी कोण, ते सांगायला हवं. त्या वर्षी मी कोल्हापुरात वकिलीची परीक्षा पास झाले होते आणि वकिली न करता पुण्याच्या एका संस्थेत चिकटले होते. फौजदारी कोर्टांत माणसं किती ताटकळतात, हे त्या संस्थेला मोजायचं होतं. मला कृष्णाकाठच्या एका तालुक्याचं कोर्ट मिळालं. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. माझं काम सोपं होतं. कोर्ट उघडायच्या आधी व्हरांड्यात येऊन बसायचं. कोण कधी आलं, त्याचा पुकारा कधी झाला, आत किती वेळ लागला आणि काम पुढे ढकललं असेल तर कशामुळे, ते टिपायचं. कारणं पुण्याहूनच ठरवून आली होती. वकील नाही, साक्षीदार आला नाही, आरोपीला आणलं नाही, साहेब रजेवर. आणि यात न बसणारं सगळं 'इतर'.

पहिल्या आठवड्यात कोर्टातल्या लोकांनी माझी यथेच्छ टिंगल केली. मला 'घड्याळबाई' असं नाव पडलं. दुसऱ्या आठवड्यात व्हरांड्यातली माणसं आपणहून येऊन सांगू लागली, "बाई, माझं लिवा, सकाळधरनं उपाशी हाय." माझ्या घड्याळामुळे त्यांचा पुकारा लवकर होईल, अशी त्यांची समजूत होती. मी नाही म्हणून सांगायची. तरी एका आजीने मला शेवग्याच्या शेंगांची जुडी आणून दिली. मी ती घेतली आणि खाल्लीही. शेंगा काही मोजणीत येत नव्हत्या.

आवळे मास्तर मात्र माझ्या कुठल्याच कारणात बसेनात. 'साक्षीदार आला नाही' म्हणावं, तर हा साक्षीदार सगळ्यांच्या आधी यायचा. सकाळभर बाकावर बसायचा, माझ्याशी गप्पा मारायचा, इतरांच्या केसेसचं बरंवाईट बोलायचा. आणि नाव पुकारायची वेळ झाली की गायब. बरं, येताना यायचा तो आरोपीच्या लुनावर मागे बसून. सुतार म्हणायचे, "एवढी वर्सं नोकरी झाली, फिर्यादी नि आरोपी एका गाडीवरनं आलेले कुटं बघितले न्हाईत."

केस चोरीची होती. मास्तरांचा ब्रास बँड होता. सात-आठ माणसं, लाल कोट, लग्नसराईत कर्नाटकापर्यंत सुपाऱ्या. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या घरातून त्यांचं क्लॅरनेट गेलं. मास्तर तडक पोलीस ठाण्यात गेले आणि फिर्याद देऊन आले. चोर कोण, ते त्यांना ठाऊक नव्हतं. चार दिवसांनी पोलिसांनी सीमेपलीकडच्या एका गावात वरातीतून चोर पकडून आणला. दुसऱ्याच एका बँडमध्ये उभा राहून तो ते क्लॅरनेट वाजवत होता. तो चंदर निघाला. मास्तरांच्याच बँडमधला, मास्तरांनीच शिकवलेला.

"का रे नेलंस?" मी एकदा चंदरला विचारलं होतं. तेव्हा तो तिशीला आलेला, लग्न झालेला, एका मुलीचा बाप होता. मान खाली घालून बोलायचा.

"मास्तर त्याला हात लावू देत नव्हते, ताई. मला शिकवायचे ते दुसऱ्या, तडा गेलेल्या क्लॅरनेटवर. आन् मास्तरांचं वाजताना ऐकलं की मी माझं खाली ठिवायचो. म्हनलं, एकदाच नदीवर जाऊन वाजवू नि गुमान आनून ठिवू. नेलं. परत आलो तर दारात पोलीस. मग भ्यालो नि पळालो. पोटाला पायजे म्हणून तिकडच्या बँडात ऱ्हायलो."

"त्यानं इकलं न्हाय, ह्ये ध्येनात घ्या," मास्तर लगेच म्हणाले. "चोर असता तर इकलं असतं."

चोर कोण ते कळल्यावर मास्तर पुन्हा ठाण्यात गेले होते. म्हणाले, माझी फिर्याद मला परत द्या. फौजदार हसले. म्हणाले, "मास्तर, ती आता सरकारची झाली. तुमचा संबंध साक्षीपुरता." तडजोडही बसेना, कारण वस्तूची किंमत जास्त होती. विलायती क्लॅरनेट होतं ते. मग ते क्लॅरनेट कापडात गुंडाळून, लाखेची मोहर लावून कोर्टाच्या मुद्देमालाच्या खोलीत गेलं. चंदर जामिनावर सुटला. पंचांपैकी एक वारला, दुसऱ्याचा पत्ता लागेना. राहिली मास्तरांची साक्ष. मास्तरांनी पिंजऱ्यात उभं राहून 'हे माझं' एवढंच म्हटलं असतं, तर चंदर आत गेला असता. ही गोष्ट कोर्टातल्या झाडूवालीलाही ठाऊक होती.

आणि म्हणून मास्तर पुकाऱ्याच्या वेळी निंबाखाली असायचे, असं मला वाटत होतं. भित्रं, भलं म्हातारं माणूस. मला त्यांचा लळा लागला होता, हेही कबूल करून टाकते. माझे वडील लवकर गेले. बाकावर शेजारी बसून कुणी आपल्या डब्यातली चटणी 'घ्या हो' म्हणून भाकरीवर वाढावी, याची मला सवय नव्हती.

एकदा डबा खाताना त्यांनी मला इमाममास्तरांची गोष्ट सांगितली. इमाममास्तर मिरजेचे. मास्तर पोरवयात त्यांच्या बँडमध्ये झांजा वाजवायला राहिले आणि झांजांवरून क्लॅरनेटवर आले.

"लई कडक मानूस. सूर चुकला तर वरात चालू असताना पायावर पाय द्यायचा. पण जीव हुता माझ्यावर. त्येंचे दात गेले नि त्येंनी ह्ये क्लॅरनेट माझ्या हातात दिलं. सोताच्या पोराला न्हाय दिलं. त्या रोजपासनं म्या ते कुनाला हात लावू दिलं न्हाय. चंदरलाबी न्हाय."

"दात गेले म्हणून?"

"वरचे दात टेकवून धरावं लागतंय, ताई. नुसत्या ओठावर सूर ऱ्हात न्हाय."

असं म्हणून त्यांनी जिभेने तो एकटा दात हलवून पाहिला. ती त्यांची सवयच होती. चंदर म्हणाला, सांगलीला दातांचं फुकट शिबिर आहे, पक्के दात बसवून देतात, चला. मास्तर म्हणाले, "केस झाल्यावर बगू."

नोव्हेंबरात कोर्टाला नवे न्यायाधीश आले. वयाने तरुण, बोलायला मोकळे, कामाला वाघ. जुन्या केसेसचा निकाल लावायचा त्यांनी चंगच बांधला. एक दिवस मला त्यांनी चेंबरमध्ये बोलावलं.

"काय घड्याळबाई, आमचं कोर्ट किती मागे आहे?"

"ते पुण्याला कळवायचं असतं, सर. मला सांगता येत नाही."

"बरं. मग मी तुम्हाला सांगतो." त्यांनी खिडकीकडे हात केला. थंडीमुळे खिडकी बंद होती, पण काचेतून कडुनिंब दिसत होता. "तो आवळे. कोर्टात त्याचा पुकारा होतो आणि मला तो डायसवरूनही दिसतो, तिथल्या खिडकीतून. ऊस खात बसलेला. गेल्या दोन खेपा मी गप्प राहिलो. पुढच्या तारखेला तो आत आला नाही, तर वॉरंट काढून पोलिसांकडून आणवीन. मग त्याला पिंजऱ्यात उभं राहावंच लागेल. त्याच्याशी तुमची गट्टी आहे म्हणे. हवं तर सांगा त्याला."

"सर, मी फक्त मोजते. मध्ये पडायचं नाही, असा आमचा नियम आहे."

"मग मोजा," ते हसून म्हणाले.

मी बाहेर पडले ती थेट निंबाखाली गेले. नियम पुण्याला होता.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. चंदर चहा आणायला गेला होता. मग म्हणाले, "ताई, तुमी शिकल्याल्या. मला एक सांगा. पिंजऱ्यात ते क्लॅरनेट माझ्या हातात देणार?"

"हो. ओळखायला देतील."

"आन् शपथ घ्यायची."

"हो."

"मग कसं करायचं? इमाममास्तरांची वस्तू हातात घिऊन 'ही माझी न्हवं' म्हणायचं माझ्या जिभंला जमणार न्हाय. खोटं बोलून बी म्या खाल्लंय ताई, बँडवाल्याला सुपारी ठरवताना बोलावंच लागतंय. पण त्या वस्तूवर हात ठिवून न्हाय. आन् 'माझी हाय' म्हनलं तर ही लेकरं उघड्यावर पडतील." त्यांनी लुनाकडे पाहिलं. लुनाच्या हँडलला चंदरच्या मुलीने लाल रिबीन बांधली होती. "खोटं बोलवत न्हाय, खरं बोलवत न्हाय. म्हणून पळतोय."

वकिलीच्या पुस्तकांत यावर काही नव्हतं. मी म्हणाले, "पण मास्तर, किती दिवस असं? कधीतरी आत जावंच लागेल ना?"

"जाणार की. फुडची तारीख कवा हाय?"

"संक्रांत झाल्यावर."

मास्तरांनी डोळे मिटून काहीतरी हिशेब केला. जीभ दातावर फिरली. "बगू," ते म्हणाले. "हुईल तोवर."

मला वाटलं, ते धीर गोळा करण्याबद्दल बोलत आहेत.

संक्रांत झाली. तारखेच्या दिवशी हाडं गोठवणारी थंडी होती. लुनावर त्या दिवशी मास्तर नव्हते. चंदरच्या मागे त्याची बायको आणि मधे मुलगी बसली होती, आणि मास्तर यष्टीने आले होते. चंदरच्या हातात एक गाठोडं होतं. मी विचारलं तर म्हणाला, "दोन कापडं हायत, ताई. आज कायबी हुईल. आतनं कुठं मागत बसायचं." त्याची बायको माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मुलीने मात्र माझं स्टॉपवॉच मागून घेतलं आणि ती ते सारखं चालू-बंद करत राहिली.

मास्तर आल्या आल्या बाकावर बसले नाहीत. तडक निंबाखाली गेले. काखेत ऊस होता, चांगला हातभर लांब, जाड पेरांचा. त्या दिवशी ते चवीने खात नव्हते. सालपटावर दात रोवायचे, मान हिसडायचे, पुन्हा रोवायचे. बघवत नव्हतं.

"मास्तर, रगत आलंय तोंडातनं," चंदर म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "नका खाऊ. आज तरी नका."

"तू गप बस. तुज्या पोरीकडं बग जा."

कोर्ट सुरू झालं. त्या दिवशी एकही काम लांबलं नाही. एक दारूची केस संपली, एक मारामारीची. मग सुतार बाहेर आले. व्हरांड्यात पुकारा न करता ते सरळ मागच्या बाजूला निघाले. मी त्यांच्यामागे धावले.

"रंगराव ज्ञानू आवळे," सुतार निंबासमोर उभे राहून साध्या आवाजात म्हणाले. "चला मास्तर. सायबांनी सांगितलंय, धरून आना."

"एवढं कांडं संपवतो."

"मास्तर, माझी नोकरी जाईल."

"एकच घास, सुतार."

मास्तरांनी डोळे घट्ट मिटले आणि पेरावर दात मारला. कटकन आवाज झाला. ऊस तसाच होता. मास्तरांनी तोंडावर हात ठेवला. मग त्यांनी काहीतरी तळहातावर घेतलं, रुमालात बांधलं आणि रुमाल कोपरीच्या खिशात ठेवला. नळावर जाऊन चुळा भरल्या. टोपी झटकून डोक्यावर चढवली.

"चला," ते म्हणाले. आणि सुतारांच्या पुढे झाले.

सहा वर्षांत पहिल्यांदा ते त्या दारातून आत गेले. मी घड्याळ दाबायचं विसरले. तसंही ते चंदरच्या मुलीकडे होतं.

पिंजऱ्यात मास्तर लहान दिसत होते. समोरच्या पिंजऱ्यात चंदर. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. शपथ झाली. सरकारी वकिलांनी गाठोडं पुढे ठेवलं, लाखेची मोहर न्यायाधीशांना दाखवली आणि फोडली. कापड सुटलं. काळं लाकूड, वर पिवळसर पडलेल्या चांदीच्या कळा. मास्तरांचे हात पुढे आले. क्लॅरनेट दोन्ही हातांत घेऊन त्यांनी ते कपाळाला लावलं.

"ओळखता का हे वाद्य?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"वळखतो. इमाममास्तरांचं हाय."

"म्हणजे त्यांनी तुम्हाला दिलेलं. तुमचंच."

"माझं न्हाय, सायेब."

दात नसल्यामुळे शब्द फुसफुसत आले. टाइपरायटर थांबला. सरकारी वकिलांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"काय म्हणालात?"

"माझं न्हाय."

"फिर्याद तुम्हीच दिली ना?"

"दिली."

"त्यावर सही तुमची?"

"माझीच."

"त्यात 'माझ्या मालकीचं' असं लिहिलं आहे."

"लिवलंय. आज मला शपथ घातलीया. शपथेवर सांगतो, ह्ये माझं न्हाय."

सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला. साक्षीदार फितूर म्हणून जाहीर करून त्यांनी उलटे प्रश्न सुरू केले. आरोपी तुमच्याच बँडमधला आहे? हाय. त्याच्याच गाडीवरून तुम्ही कोर्टात येता? येतो. आज यष्टीनं आलो. त्याला वाचवायला तुम्ही खोटं सांगत आहात, हे खरं आहे?

"न्हाय," मास्तर म्हणाले. आणि या वेळी त्यांनी मान वर करून सरळ न्यायाधीशांकडे पाहिलं. "एकबी शब्द खोटा न्हाय."

न्यायाधीश त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. हिरडीवर अजून रक्त होतं. मग त्यांची नजर बंद खिडकीकडे गेली, निंबाच्या बाजूला, आणि परत आली.

"आणखी काही विचारायचं आहे?" त्यांनी सरकारी वकिलांना विचारलं.

"नाही, सर."

बाकी पुरावा नव्हताच. जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल झाला. चंदर निर्दोष सुटला. मुद्देमालावर फिर्यादीने हक्क सांगितला नाही, तेव्हा तो ज्याच्याकडून जप्त झाला त्याला, हमी लिहून घेऊन, परत. हे वाचून दाखवलं तेव्हा चंदरला ते कळलंच नाही. सुतारांनी त्याला खांद्याला धरून मुद्देमालाच्या खोलीकडे नेलं.

मी मास्तरांना शोधत निंबाखाली आले. ते बसले होते. चंदरची मुलगी त्यांच्या मांडीवर होती, स्टॉपवॉच कानाला लावून.

"मास्तर," मी म्हणाले, "त्या दिवशी म्हणालात, त्या वस्तूवर हात ठेवून खोटं बोलवणार नाही."

"मग? न्हाय बोललो."

"तुमचं नाही म्हणालात."

मास्तरांनी खिशातून रुमाल काढला आणि गाठ सोडली. आत त्यांचा दात होता.

"इमाममास्तरांनी क्लॅरनेट दिलं, तवा त्येच्यावर माझा हात ठिवून वचन घेतलं. म्हनले, रंगा, जवर दाताखाली धरता येतंय तवर ह्ये तुझं. ज्या रोजी धरता येणार न्हाय, त्या रोजी तुझी मालकी सपली. तुझ्या बँडातल्या पोरांत जो वाजवील, त्येचं. मोह करायचा न्हाय." त्यांनी दात बोटांत फिरवला. "केस झाली तवा वर फुडचे चार दात हुते. म्हनलं, ह्ये जाऊस्तवर कोर्ट थांबलं पायजे. तीन गेले बिगीबिगी. ह्यो मातूर लई चिवट निघाला. आज सकाळी सुदीक त्यो हुता ताई. म्हंजे सकाळपतूर ते माझं हुतं."

सहा वर्षं सगळं कोर्ट या माणसासाठी थांबलं होतं आणि तो एका दातासाठी.

"मग डॉक्टरकडे जाऊन काढून घ्यायचा होतात की. एका दिवसाचं काम."

"ती लबाडी झाली असती," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "आपणहून जायला पायजे."

"आणि ऊस?"

"ऊस खाणं काय गुन्हा हाय व्हय?"

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मास्तर थोडे पुढे झुकले. "खरं सांगू? त्या वकिलानं एक प्रश्न इचारलाच न्हाय. चोरी झाली तवा कुनाचं हुतं, असं इचारलं असतं तर माझी बोबडी वळली असती. म्या खरं सांगून बसलो असतो. जीव मुठीत धरून हुबा हुतो."

तेवढ्यात चंदर आला. क्लॅरनेट त्याने कापडासकट दोन्ही हातांवर धरलं होतं, नवजात मूल धरतात तसं. मागे त्याची बायको. तो मास्तरांसमोर गुडघ्यावर बसला.

"घ्या मास्तर. तुमचं तुमाला."

मास्तरांनी फक्त तोंड उघडून दाखवलं. चंदरने पाहिलं. इमाममास्तरांचं वचन त्याला ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही. पण बँडमधल्या माणसाला ते खिंडार बघून कळायचं ते कळलं. तो मास्तरांच्या पायावर डोकं ठेवून रडायला लागला. मास्तर त्याच्या पाठीवर थोपटत राहिले. त्यांचा स्वतःचा चेहराही ठीक नव्हता. आयुष्यभर जे वाजवलं, ते आता कधीच वाजवता येणार नव्हतं, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

"आता कवळी बसवा," मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले.

"बसवू की. भाकरीपुरती," मास्तर म्हणाले. मग त्यांनी चंदरला उठवलं. "रडू नको. वाजव."

"हितं? कोर्ट चालू हाय मास्तर. आन् पत्ती सहा वर्सं वाळलीया."

मास्तरांनी कापडी पिशवी पुढे ओढली, जी ते प्रत्येक तारखेला आणायचे. चटणी-भाकरीच्या डब्याखालून कागदाची एक पुडी काढली. आत क्लॅरनेटला लावायची वेताची नवी पत्ती होती आणि सांध्यांना गुंडाळायचा दोरा.

"किती दिवसांपासून आणताय हे?" मी विचारलं.

"पैल्या तारखेपासनं. काय सांगावं, दात कवा पडंल."

चंदरने पत्ती जिभेवर भिजवली, सांधे बसवले, दोरा गुंडाळला. सहा वर्षांनी पहिला सूर आला तो चिरका, कापरा. कावळे उडाले. चंदर थांबला.

"चढा लागला," मास्तर म्हणाले. "पुना."

दुसऱ्यांदा सूर लागला. खाली, भरलेला, लांब. मग त्याने वराती निघताना वाजवतात ते सुरू केलं, नवरदेव पारावरून उठतो तेव्हाचं. व्हरांड्यातली माणसं एकेक करून मागच्या बाजूला आली. टंकलेखक आले, दोन वकील आले, आणि हातकडीतला एक आरोपी पोलिसासकट आला.

सुतार शिपाई धावत आले. "मास्तर, आत काम चाललंय. सायेब इचारत्यात, कोण वाजवतंय?"

मास्तरांनी मांडीवरच्या पोरीला सावरलं. चंदरच्या बोटांवरची नजर त्यांनी काढली नाही.

"जावा सांगा सायबांला," ते म्हणाले. "ज्याचं हाय, त्यो वाजवतोय."

सुतार आत गेले. चंदर थांबला नव्हता. थोड्या वेळाने कोर्टाची निंबाकडची खिडकी, जी थंडीत कुणी उघडत नसे, ती आतून कुणीतरी उघडली आणि तशीच उघडी ठेवली.